देवीच्या पायाशी ठेवलेली चावी

तुरीची डाळ भरडून अर्धी पाखडून झाली होती. सूप मांडीवर, चुरी एका अंगाला, डाळ दुसऱ्या अंगाला, आणि तेवढ्यात रीता अंगणात येऊन उभी राहिली. आत काही येईना.

"काहून बाहेर उभी गं? ये की."

"न्हाई काकू, सुतक हाय आमाला. देवाला दिवा लावायला तुमी या, म्हणून आईनं धाडलंय."

मग ध्यानात आलं. आदल्या दिवशी पहाटे पेमाआजा गेले होते, रीताच्या सासूचे, म्हणजे रूपाबाईंचे चुलत सासरे. पिकलेला माणूस, झोपेतच गेला. भावकीला सुतक पडलं की घरच्यांनी देवाला शिवायचं नाही, दुसऱ्या कुळाच्या बाईनं जाऊन दिवा-फूल करायचं. साखऱ्याहून सेनगावकडं जाताना तांडा लागतो, त्याच्या खालच्या अंगाला शेतातच आमचं घर. तांडा बंजाऱ्यांचा, आम्ही कुणबी. पण पाणी एकाच टाकीचं आणि ग्रामपंचायतही एकच. सूप तसंच झाकून ठेवलं, रांजणाच्या तळाला राहिलेल्या पाण्यात हातपाय धुतले आणि निघाले.

रूपाबाई राठोड आमच्या सरपंच. त्यांच्याबद्दल लिहायचं तर आधी आवाजाबद्दल लिहावं लागतं. त्या तांड्यातल्या घरांच्या वरच्या ओळीत बोलल्या की खाली आमची गाय कान टवकारते. लग्न होऊन तांड्यात आल्या तेव्हा घरात सासू अजून आरशांची बंजारा चोळी, काचोळी, घालायच्या. यांनी मात्र पहिल्याच वर्षी साधं पातळ नेसायला काढलं. सासूनं अबोला धरला, यांनी पातळ सोडलं नाही. पुढं बरीच वर्षं ऊसतोडीला गेल्या. तिथं बायांना आंघोळीला आडोसा नव्हता, तर मुकादमाच्या दारात बसून राहिल्या आणि चार पत्रे उभे करून घेतल्यावरच कोयता हातात घेतला. बाईसाठी सरपंचाची जागा सुटली तेव्हा तांड्यानं दुसरं नाव घेतलंच नाही.

नळयोजना आली तेव्हा वॉल सोडायला एक माणूस होता. ज्यानं चहा पाजला त्याच्या ओळीला पाणी. रोज भांडण, रोज घागरींचा खणखणाट. रूपाबाईंनी सरपंच झाल्या झाल्या त्याच्याकडून वॉलच्या पेटीची चावी काढून घेतली, सगळ्या तांड्यासमोर आपल्या देवघरात जगदंबेच्या पायाशी ठेवली आणि बोलल्या, "आजपासून ही चावी देवीची. माझ्या हाताशिवाय हिला कुणाचा हात लागणार न्हाई." बायांनी नारळ फोडला. मीही हळदकुंकू वाहिलं. आम्हाला वाटलं, आता कुणाची लबाडी चालायची नाही.

आणि खरंच भांडणं थांबली. पाणी कधी सोडायचं ते रूपाबाई ठरवायच्या, आंघोळ-पूजा करून चावी उचलायच्या, सोडायच्याही त्याच. कुणाची तक्रार असली तर ती ऐकायची कुणी? तीही त्यांनीच. त्यांच्या मनात पाप नव्हतं, ते मी देवावर हात ठेवून सांगेन. पण पूजा लांबली, कुणी साहेब आला, तर आधी वरच्या ओळीची पाळी पुढं सरकायची आणि मग खालच्या ओळीची टाकी संपून अर्ध्यातच तुटायची. वरून त्यांना आमचे नळ दिसत नव्हते. खालच्या ओळीतली शिला एकदा म्हणाली, "काकी, आमाला पाणी कमी येऊन राहिलं." तर रूपाबाईंनी डोळे मोठे केले, "देवीच्या चावीवर शंका घेती का गं?" शिला आल्या पावली परतली. देवीशी कोण भांडणार?

तर त्या सकाळी मी रूपाबाईंच्या दारात पोचले तेव्हा शिला रिकामी घागर कमरेवर घेऊन तिथंच उभी होती. तिच्या दोन म्हशी, त्यातली एक गाभण. दूध सकाळच्या जीपनं सेनगावला जातं आणि घर त्यावरच उभं आहे. नवरा पुण्याला कामाला, दिवाळीला येतो. वर टाकी भरून भिंतीवरून पाणी ओघळत होतं, कारण मोटर लाइट आली की आपोआप चालू होते. नळ मात्र काल सकाळपासून कोरडे.

मी हात धुऊन देवघरात गेले. दिवा लावला, उदबत्ती लावली, जास्वंदीचं फूल वाहिलं. चावी तिथंच होती, कुंकवानं लाल झालेली. बाहेरून रूपाबाईंचा आवाज आला, "शकुबाई, दिवा लावा, पर चावीला हात लावू नका."

मी बाहेर आले. रूपाबाई ओसरीच्या कोपऱ्यात सतरंजीवर बसल्या होत्या. रडून डोळे सुजलेले.

"मग पाणी?" शिलानं विचारलं.

"तेराव्यापर्यंत माझा हात देवाला लागत न्हाई पोरी. मी सगळ्यांसमोर बोलले हाय, माझ्या हाताशिवाय न्हाई म्हणून. शब्द मोडू का?"

"मग आमी काय करावं?"

"जुन्या विहिरीवरून आणा. आमी न्हाई का आणलं?"

"माणसाचं भागंल. म्हशींचं?" शिलाचा आवाज चढला. "काकी, उद्या यापारी येऊन राहिला. पाणी न्हाई तर मी दोन्ही म्हशी देऊन टाकते. लेकरं घेऊन जाते पुण्याला, पत्र्याच्या खोलीत. तुमची देवी सांभाळा तुमी."

असं कुणी रूपाबाईंना बोललं नव्हतं. तांड्याचे नायक, म्हणजे प्रमुख, भावसिंग खांबाला टेकून बसले होते, ते म्हणाले, "कुलूप फोडा म्हणावं तर देवीचं कुलूप. फोडंल कोण? तूच केलंस ना सूनबाई हे."

"तुमीच तर शाबासकी दिली तवा!"

"दिली. तवा कुठं ठावं होतं पेमा फागणात जाईल म्हणून."

रीता चूल सोडून दारात आली. बारावी शिकलेली, बोलते कमी. म्हणाली, "आई, झेंडावंदनाला सोमेश्वर सर काय बोलले होते?"

ते मलाही आठवलं. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत शाळेच्या सोमेश्वर सरांनी उद्देशिका वाचून घेतली आणि मग समजावलं होतं की संविधानानं सत्ता तीन ठिकाणी वाटली आहे. कायदा करायला संसद आणि विधानसभा. तो राबवायला सरकार आणि त्याचे अधिकारी. तो बराबर आहे का, बराबर राबवला का, ते तपासायला न्यायालय. रूपाबाईंनी तिथंच झेंड्याखालून विचारलं होतं, "म्हणजे घरातल्या तीन सुना झाल्या की. एकीनं ठरवायचं काय शिजवायचं, दुसरीनं शिजवायचं, तिसरीनं मीठ बघायचं." सर हसून म्हणाले, "अगदी तसंच. आपल्याकडं मंत्री निवडून आलेल्यांतलेच होतात, म्हणून पहिल्या दोघी एकाच माजघरात असतात. तरी शिजवणारीला ठरवणारीपुढं जाब द्यावा लागतो. तिसरी मात्र अलग बसते, कुणाच्या सांगण्यावरून मीठ बरं आहे म्हणत नाही." त्यावर रूपाबाई म्हणाल्या, "आमच्या घरात तिन्ही मीच!" आणि सगळी सभा खो खो हसली होती. मीही.

त्या दिवशी ओसरीवर मात्र कुणी हसलं नाही.

"मग मी काय वाईट केलं का गं?" रूपाबाईंनी सुनेला विचारलं.

"न्हाई आई. तुमी चांगल्याच हाव. पर तुमाला सुतक पडलं तर सगळ्या तांड्याला सुतक पडलं ना. माणूस चांगला असला तरी आजारी पडतो, गावाला जातो, चुकतो. म्हणून संविधानात सत्ता वाटून दिलीय. वाइटासाठीच वाटलंय असं न्हाई."

रूपाबाईंनी अंगठ्यानं सतरंजीचा दोरा ओढून तोडला. मग माझ्याकडं वळल्या. "शकुबाई, तुमी देवाधर्माच्या. तुमीच सांगा, देवीनं चावी मागितली होती का?"

मी रोज नागनाथाचं नाव घेते. पण नागनाथाला मी कधी घराच्या किल्ल्या सांभाळायला दिल्या नाहीत. म्हटलं, "मागितली नव्हती. आपणच ठेवली. देवीनं ठेवून घेतली, कारण आई लेकराचं काहीबी ठेवून घेती."

रूपाबाई उठल्या. देवघराच्या उंबऱ्यापासून चार हात लांब उभ्या राहून पदर पसरला. "आई, तुझ्या पायाशी तुझी फुलं ठेवीन, तुझा निवद ठेवीन. हे लोखंड लोकांचं हाय. मी बोलले ते माझ्या तोंडचं होतं, तुझ्या न्हाई. माफ कर." मग मला म्हणाल्या, "उचला."

मी उचलली. शिलानं घागर खाली ठेवून हात पुढं केला. "द्या, मी सोडते. आधी खालच्या ओळीला. कधीपासून राहिलंय आमचं."

"थांब!" रूपाबाईंचा तो जुना आवाज आला, माझ्या हातातली चावी पडता पडता राहिली. "वरच्या ओळीची चावी होती, आता खालच्या ओळीची झाली, इतकंच व्हय? मग फरक काय पडला? आज दोन्ही ओळींना बराबर सोडा, म्हशी तहानलेल्या हायेत. संध्याकाळी लिंबाखाली सगळे या. मी अलग बसते, पर बोलणार."

संध्याकाळी सगळा तांडा जमला. रूपाबाई सुतकात, म्हणून एकट्या दगडावर. पण सभा त्यांचीच होती, हे त्यांनी बसल्या बसल्याच दाखवून दिलं. म्हणाल्या, पाण्याच्या वेळा आणि पाळी ठरवायची ती सगळ्या बायांच्या सभेनं, कारण घागर बायांच्या डोक्यावर असते. सोडायचं काम देविदासचं, ग्रामपंचायतीनं त्याला तसं नेमावं. देविदास वरच्या ओळीतला, पण बायको खालच्या ओळीतली, दोन्हीकडून बोलणी खाणारा माणूस. कुणीही मागितलं तरी त्यानं वेळ बदलायची नाही, सभेनं वॉलला हात लावायचा नाही. आणि कुणाचं भांडण झालं तर तीन वडीलधाऱ्यांनी बघायचं.

"तिघं कोण?" भावसिंग नायकांनी मिशीवरून हात फिरवला. "आमच्या वक्ताला नायक बोलला की झालं."

"झालं कसं? कारभारी कशाला होता मग? आन् ते डायसाणे, म्हातारे शहाणे, नायकाच्या दोन्ही बाजूला बसायचे ते? तुमी एकटे बोलायचे का कधी?"

"ते तर होतेच," नायक पुटपुटले.

"मग झालं तर. आपल्या बापजाद्यांनीबी वाटूनच दिलं होतं, आपणच इसरलो. तुमी एक. खालच्या ओळीच्या भिकाबाई दोन. आन् तांड्याबाहेरचे सटवाजीदादा तीन."

सटवाजी म्हणजे आमचे हे. घरी भाजीत मीठ कमी पडलं तरी न बोलणारा माणूस. मी पदराआड हसले.

"पर ध्यानात ठेवा," रूपाबाई म्हणाल्या, "हे पाण्यापुरतंच. आपण काय कोर्ट न्हाई. डोकं फुटलं तर पोलिस, जमिनीचं असंल तर सेनगावला जा. पाण्याचं इथं."

शिला मागं उभी होती. तिनं विचारलं, "आन् वडीलधाऱ्यांचं तुमाला पटलं न्हाई तर, काकी?"

"मला?" रूपाबाई म्हणाल्या. "मला पटायचं काय त्यात? मलाबी लागू."

बोलायला सोपं होतं. दुसऱ्या दिवशी व्यापारी आला. शिलानं त्याला चहा दिला आणि म्हणाली, "तेरावा होऊ दे. मग बघते." म्हशी दावणीलाच राहिल्या, पण विकायच्या नाहीत असंही ती म्हणाली नाही. मला कळलं ती काय बघणार होती ते. मोठ्या घरावर वेळ आली की नियम टिकतो का, तेवढंच.

आणि वेळ आलीच. तेराव्याला सगळी भावकी, शिवाय दुसऱ्या तांड्यांची माणसं येणार होती. मोठी पंगत. आदल्या दिवशी वरच्या ओळीची पाळी संपली आणि रूपाबाईंचं पाण्याचं एक टिपाड अजून रिकामं होतं. खालची ओळ सुरू व्हायची होती. रूपाबाई वॉलपाशी आल्या. मी वॉलजवळच्या नळावर घागर लावायला आले होते, सगळं समोरच झालं.

"देविदास, जरा वेळ अजून राहू दे वरचं. एक टिपाड."

"काकी, सभेचं ठरलेलं न्हाई."

"अरे, घरात तेरावा हाय!"

"ठावं हाय काकी."

"मी सरपंच हाय का न्हाई?"

देविदासनं मान खाली घातली, पण चावी मुठीत घट्ट धरली. "तुमीच बोलल्या होत्या, कुणीबी मागितलं तरी देऊ नको. कुणीबी मंदी तुमीबी आल्या की."

रूपाबाईंचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, आता हा पोरगा कामावरून गेला. त्या तशाच भावसिंग नायकांच्या ओट्यावर गेल्या. भिकाबाईंना बोलावणं गेलं, आमच्या ह्यांनाही. शिला आणि खालच्या ओळीच्या बाया घागरी घेऊन मागं मागं. रूपाबाईंनी सगळं खरं सांगितलं, काही चोरलं नाही.

भावसिंग नायक खाली बघत राहिले. पेमाआजा त्यांचा जन्माचा दोस्त. भिकाबाई बोलल्या, "रूपे, घरात दुःख हाय, ते खरं. पर खालच्या ओळीचं पाणी तुझ्या दुःखाला कसं देऊ? सभा बोलावून मागितलं असतंस तर बायांनी दिलंबी असतं. आता पाळी खालच्यांची."

नायकांनी मान हलवली. "व्हय. असंच हाय." आणि मग आमचे हे खाकरून बोलले, तेवढंच एक वाक्य, "देविदासचं काही चुकलं न्हाई."

सगळे रूपाबाईंकडं बघत होते. त्यांनी पदर खोचला. "बराबर हाय," म्हणाल्या. "मीच ठरवलं, मलाच पहिलं लागलं." आणि घरी जाऊन घागर, चऱ्हाट घेऊन जुन्या विहिरीकडं निघाल्या. सरपंच बाई, भरल्या गावातून, डोक्यावर चुंबळ. रीता मागं, मी मागं, वरच्या ओळीच्या बायाही मागं. दोन खेपा झाल्या असतील, तेवढ्यात खालून शिला आली, डोक्यावर एकावर एक दोन घागरी.

"हे काय गं?"

"माझ्या वाट्याचं पाणी हाय काकी. माझ्या वाट्याचं मी कुणालाबी देईन. नियमात बसतंय ना?"

रूपाबाईंनी घागर उतरून घेतली आणि तिच्या पाठीवर अशी थाप मारली की शिला दोन पावलं पुढं गेली. "म्हशी?"

"कशाच्या म्हशी? यापाऱ्याला फोन करून सांगितलं, येऊ नको म्हणून."

तेराव्याच्या पंगतीला माझ्या त्या अर्ध्या राहिलेल्या डाळीचं वरण झालं. ती मी सुतकाच्या दिवसातच पाखडून पूर्ण केली होती. पेमाआजांना ते वरण आवडायचं. पान वाढल्यावर भावसिंग नायकांनी पहिला घास घेतला आणि तोंड वाकडं केलं. "मीठ कमी पडलंय."

"घ्या," रूपाबाई वाढता वाढता थांबल्या, "तिसरी सून बोलली." सगळी पंगत हसली. रीता मीठ आणायला पळाली.

आता देवघरात जगदंबेच्या पायाशी फुलं असतात, निवद असतो. सुतक फिटलं तशी माझी सकाळची खेप थांबली, पण सवयीनं अजून मी जाताना डोकावते. देविदास चावी कमरेच्या करदोट्याला बांधतो. काल संध्याकाळी बायांच्या सभेत तो सांगत होता, खालच्या ओळीचा वॉल गळतो, आतलं रबरी वायसर गेलंय. सभेनं ठरवलं, आणायचं काम सरपंचांचं. रूपाबाई म्हणाल्या, "घ्या, आता मला काम सांगून राहिल्या," आणि पदराला गाठ मारून ठेवली. उद्या सकाळच्या जीपनं, शिलाच्या दुधाच्या कॅनजवळ बसून, त्या सेनगावला वॉलचं वायसर आणायला जाणार आहेत.